देवरेसाहेबांनी चकाचक केलेला दवाखाना

श्रीधर देवरे यांच्या घरात भिंतीला एकही खिळा नव्हता. सिल्वासात, आमलीतल्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये येऊन त्यांना वीस-बावीस वर्षं झाली होती. मुलगी जुई याच घरात रांगली, इथूनच शाळेत गेली आणि पुढे कॉलेजसाठी पुण्याला गेली, पण खिळा काही ठोकला गेला नाही. कॅलेंडर खिडकीच्या गजाला सुतळीनं बांधलेलं. देवांच्या तसबिरी फ्रिजवर भिंतीला टेकवलेल्या. लग्नात नीलिमाच्या मामांनी दिलेलं लंबकाचं घड्याळ तर अजून खोक्यातच होतं आणि ते खोकं दिवाणाखाली. पहिल्याच वर्षी तिनं हातोडी मागितली तेव्हा देवरे म्हणाले होते, "कशाला भिंत खराब करतेस? दोन वर्षांत आपण पुण्याला जाणारच आहोत." तेव्हापासून ती दर दिवाळीला खोक्यावरची धूळ पुसायची आणि खोकं पुन्हा दिवाणाखाली सारायची.

सिल्वासा देवरेंना कधी रुचलंच नाही. इथली हवा दमट, इथल्या हॉटेलातली डाळ गोड, इथली माणसं धड मराठी बोलत नाहीत की धड गुजराती. स्वतः देवरे दिवसभर "चलो भाई, जल्दी पतावो, टाइम नथी" असलं तीन गावचं पाणी बोलायचे, पण ते कंपनीचं काम, ते वेगळं. सगळ्यात मोठं दुखणं होतं नाशिकच्या नातेवाइकांचं. ते यायचे शनिवारी, आणि कशासाठी यायचे ते इथल्या दुकानांच्या पाट्या वाचल्यावर कोणालाही कळावं. रविवारी डोकी धरून परत निघताना हमखास म्हणायचे, "मजा आहे बुवा तुझी, श्रीधर!" आपण इंजिनिअर, आपल्या हाताखाली अख्ख्या प्लांटचा मेन्टेनन्स, आणि सगळ्या भावकीत आपली ओळख काय, तर दारूच्या दुकानाजवळ राहणारा. देवरेंना हे मनापासून लागायचं. मग ते सोमवारी कोणावर तरी ओरडायचे.

पुण्यात बाणेरला त्यांनी फ्लॅट घेऊन ठेवला होता. जुई कॉलेजच्या हॉस्टेलवर, त्यामुळे त्यात कोणी राहत नव्हतं. त्याची किल्ली मात्र त्यांच्या जुडग्यात असायची आणि मीटिंगमध्ये बसले की बोटं त्याच किल्लीशी खेळायची. कंपनीचं मुख्य ऑफिस मुंबईत, दुसरं पुण्यात. पुण्यातल्या ऑफिसात एक खुर्ची मिळावी, गळ्यात कार्ड अडकवून संध्याकाळी सहाला घरी यावं, शेजाऱ्यांशी 'सोसायटीच्या पाण्या'वर भांडावं, एवढं एकच मागणं त्या माणसाचं आयुष्याकडे होतं. त्यासाठी ते काहीही करायला तयार होते आणि शेवटी त्यांनी ते केलंच.

कंपनीचं नाव सांगून उपयोग नाही. सिल्वासाजवळच्या मसाटला धागा बनवणाऱ्या अशा कंपन्या ओळीनं उभ्या आहेत. देवरेंची ख्याती एकाच गोष्टीत होती: ऑडिट. परदेशी गिऱ्हाईक येणार, मोठे साहेब येणार, कोणी सर्टिफिकेटवाला येणार असं कळलं, की देवरेंच्या अंगात यायचं. आठवडाभर आधी रंगाचे डबे उघडायचे. पाइप हिरवे, रेलिंग पिवळं, जमिनीवर पिवळ्या पट्ट्या, भिंती पांढऱ्या. गळणाऱ्या व्हॉल्व्हचं गळणं तसंच राहायचं, पण व्हॉल्व्ह असा लखलखायचा की पाहुण्याची नजर त्याच्यावरून घसरून जावी. वरून रंग, आतून भंग, आणि तरी प्रत्येक ऑडिटमध्ये शेरा उत्तम. असे शेरे मिळत गेले की माणसाला वाटायला लागतं, जगात सगळंच असं चालतं.

जपान्यांनी काढलेली 'फाइव्ह एस' नावाची शिस्त या कारखान्यांमधून सगळीकडे चालते. जागच्या जागी वस्तू, स्वच्छता, टापटीप असं पुष्कळ काही तिच्यात आहे. देवरेंनी त्यातलं एकच उचललं होतं: लाल चिठ्ठी. जी वस्तू वर्षभरात कामाला आली नाही तिला लाल चिठ्ठी लावायची, कोणी विचारलं नाही तर आठवड्यानं भंगारात काढायची. या लाल चिठ्ठीच्या जोरावर त्यांनी प्लांटमधलं निम्मं स्टोअर रिकामं केलं होतं आणि मग त्यातलेच पार्ट पुढच्या वर्षी नव्यानं मागवले होते. तरीही कौतुक झालंच होतं.

अशा माणसाच्या हातात, कोणाच्या सुपीक डोक्यातून निघालं कोण जाणे, एक संरक्षित ऐतिहासिक इमारत पडली.

नदीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर पोर्तुगीजांच्या वेळचा एक जुना दवाखाना आहे. बैठी, कौलारू इमारत, हातभर जाडीच्या चुन्याच्या भिंती, पुढे लांब व्हरांडा. सिल्वासातल्या म्हाताऱ्या माणसांच्या दंडावर देवी टोचल्याचा जो व्रण आहे तो इथलाच. फिरंगी गेल्यावरही बरीच वर्षं तिथे औषधं मिळायची, मग ती जागा गोदाम झाली, मग कुलूप लागलं. कुलपानंतर केव्हातरी दारासमोर निळा फलक आला: ही वास्तू कायद्यानं संरक्षित आहे, हिला इजा करणाऱ्याला शिक्षा होईल. तो दवाखाना दुरुस्त करून द्यायचं कंपनीनं आपण होऊन कबूल केलं. सामाजिक जबाबदारी का काय म्हणतात त्यातून. मुंबईहून मोठ्या साहेबांनी फोन केला, "देवरे, इज्जतीचं काम आहे. हे नीट करून दाखवा, मग पुण्याची खुर्ची तुमचीच."

देवरेंनी फोन ठेवला आणि किल्ली चाचपली. संध्याकाळी नीलिमाला म्हणाले, "या दिवाळीला खोकं पुसायची गरज नाही. पॅक करायचं आहे." नीलिमा भाजी निवडत होती. "बरं," एवढंच म्हणाली. इतक्या वर्षांत तिनं हे इतक्यांदा ऐकलं होतं की तिला आता त्याचं ना सुख होतं ना दुःख.

इमारत पहिल्यांदा बघितली तेव्हा देवरेंच्या चेहऱ्यावर जो भाव आला तो बघण्यासारखा होता. घरात पाहुण्याच्या पोरानं गादी ओली केल्यावर येतो, तसा. "हे वाचवायचंय?" त्यांनी आपल्या सुपरवायझरला विचारलं. हा विशाल. हुशार मुलगा, पण 'येस सर' म्हणता म्हणता त्याची मान तशीच पुढे झुकून राहिली होती. "पाडून दोन महिन्यांत नवीन बांधून देतो मी. वर एसी."

"येस सर," विशाल म्हणाला.

काम कसं करायचं ते सांगायला पुरातत्त्व खात्यानं मुंबईची एक वास्तुविशारद नेमली होती, मानसी. जुन्या इमारती सांभाळून दुरुस्त करणं हाच तिचा व्यवसाय. ती यायची, भिंतीला हात लावायची, चुन्याचा खपला बोटांत चुरडायची, वास घ्यायची. चुना किती भिजवावा लागेल, सिमेंट का चालणार नाही, जुन्या भिंतीवर प्लास्टिकचा रंग मारला तर भिंत आतल्या आत कशी कुजते, हे सगळं ती शांतपणे सांगायची. देवरे मान डोलवायचे आणि ती गेली की म्हणायचे, "एवढ्या वेळात आम्ही प्लांट उभा करून प्रॉडक्शन काढतो. ही बाई चुना भिजवते आहे. कन्सल्टंट लोकांचं असंच असतं, काम संपलं की धंदा संपला."

मानसीचंही थोडं चुकलंच. सांगितलेलं माणसं ऐकतात, असा एक भाबडा समज घेऊन ती आली होती. एका दुपारी मुंबईला परत निघताना ती गाडीत बसता बसता म्हणाली, "देवरे सर, मी पुढच्या वेळी येईपर्यंत कशालाही हात लावू नका. भिंती नाहीत, दारं-खिडक्या नाहीत. आतलं काही टाकूनही देऊ नका. इथला गंजलेला खिळासुद्धा इमारतीचाच आहे."

"डोन्ट वरी, मॅडम," देवरे म्हणाले. हा शब्द ते ऑडिटरलाही द्यायचे.

आणि तिची पाठ वळते न वळते तोच निरोप आला: मोठे साहेब शुक्रवारी येत आहेत, सोबत खात्याचे अधिकारी, काम कुठवर आलंय ते बघायला. दुसरा कोणी असता तर त्यानं मानसीला फोन लावला असता. देवरेंनी रंगवाल्याला लावला. बिचाऱ्यांचा इलाज नव्हता. साहेब येणार म्हणजे रंग, हे त्यांच्या रक्तात भिनलं होतं. नवरात्र आलं की बायका जशा भांडी घासायला काढतात, तसे प्लांटमधले रंगारी शिडी घेऊन दवाखान्यात हजर झाले.

आधी लाल चिठ्ठ्या लागल्या. पंख्याच्या जुन्या हुकाला, औषधाच्या लाकडी कपाटाला, फुटक्या चिनी मातीच्या बेसिनला. निळा फलक दारासमोर आडवा येत होता, एन्ट्री क्लिअर दिसत नव्हती, म्हणून तो उपटून मागच्या बाजूला उभा केला. शेवटी देवरे खिडक्यांपाशी आले. उंच खिडक्या, लाकडाच्या बारीक चौकटी, आणि प्रत्येक चौकटीत तळहाताएवढा एकेक करडा-पिवळट, ओशट तुकडा. धड आरपार दिसत नाही, धड अंधार नाही. देवरेंनी नखानं टकटक केलं.

"फायबर आहे," ते म्हणाले. "उन्हानं पिवळं पडलंय. मधे कधीतरी कोणीतरी स्वस्तात बसवलेलं दिसतंय."

"सर, मॅडम खिडक्यांना हात लावू नका बोलल्या होत्या," विशाल चाचरत म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या तोंडून 'येस सर'खेरीज काही निघालं होतं.

"चौकटीला कुठे हात लावतोय? तुकडे काढायचे. तुझी मॅडम शुक्रवारी मोठ्या साहेबांना काय हे पिवळं फायबर दाखवणार आहे? लाव चिठ्ठी. आणि आठवडाबिठवडा थांबायचं नाही, आजच भंगारात."

"येस सर."

मसाट-गलोंड्याच्या भंगारबाजारात शेंबडं पोरसुद्धा प्लास्टिक ओळखायचं कसं ते जाणतं. तुकड्याला काडी लावायची, धूर हुंगायचा. देवरेंनी प्लास्टिकच्या गावात उभी हयात घालवली, पण काडी लावली नाही. स्वतःच्या नजरेवर त्यांचा फार विश्वास. त्या गढूळ तुकड्यांमागे दुपारचं ऊन आलं होतं आणि आतली सबंध खोली दुधाळ उजेडानं भरली होती, तेही त्यांच्या डोळ्यांसमोरच घडत होतं. पण देवरेंना उजेडाशी काय देणंघेणं? गाढवाला गुळाची चव जेवढी, तेवढी देवरेंना उजेडाची.

तुकडे पटापट निघाले. पोत्यांत भरून भंगारवाले हसमुखभाई टेम्पोत घालून घेऊन गेले. खिडक्यांत नवीन, चकचकीत, दुधी पॉलिकार्बोनेटचे पत्रे बसले. भिंतींवर पांढरा प्लास्टिक पेंट चढला. व्हरांड्यातल्या दगडी फरशीवर पिवळी पट्टी ओढून तिच्यावर 'पाहुण्यांसाठी मार्ग' असंही लिहून झालं. गुरुवारी संध्याकाळी देवरे लांब उभे राहून बघत होते. पोर्तुगीजांचा दवाखाना आता हुबेहूब मसाटच्या सिक्युरिटी केबिनसारखा दिसत होता. देवरेंचा ऊर भरून आला. त्यांनी जुईला फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, 'बाबा येतोय पुण्याला.'

शुक्रवारी मोठे साहेब गाडीतून उतरले आणि खूश झाले. "वा, देवरे! अगदी नवी कोरी वाटतेय!" ज्या गोष्टीसाठी जोड्यानं मारायला हवं तिच्यासाठी शाबासकी मिळणं, हे मोठ्या साहेबांच्या दरबारात नवं नव्हतं. खात्याचे अधिकारी मात्र इकडेतिकडे बघत होते. ते निळा फलक शोधत होते. तेवढ्यात अधिकाऱ्यांनी बोलावून घेतलेल्या मानसीची गाडी आली. ती व्हरांड्यात चढली, पिवळ्या पट्टीवर उभी राहिली आणि खिडक्यांकडे बघत राहिली.

"खिडक्यांतलं काय केलंत?" तिनं विचारलं.

"ते होय? फायबर होतं मॅडम, पिवळं पडलेलं," देवरे उत्साहात म्हणाले. "काढून टाकलं. हे पॉलिकार्बोनेट बघा, वर्षानुवर्षं पिवळं पडणार नाही. तुमच्या बजेटमधलं एक काम आम्हीच उरकलं."

मानसी काही बोलणार तोच रस्त्यावर टेम्पो थांबला. हसमुखभाई प्लांटवर जाऊन आले होते, तिथून कळलं साहेब इथे आहेत, म्हणून तसेच इकडे आले होते. माणूस तापलेला. पाठीवरचं पोतं त्यांनी व्हरांड्यात आणून आपटलं.

"साहेब, आ शूं आप्यू तमे? प्लास्टिक बोलके दिया, आ प्लास्टिक नथी! गलोंडा में ग्राइंडर में डाला तो सब ब्लेड तूट गई. मशीन बंद पडा है मेरा!" त्यांनी पोतं उलटं केलं. चकाकणारा पांढरा चुरा आणि काही तुटके कपचे पिवळ्या पट्टीवर पसरले. "ये क्या है, वो तो बोलो!"

मानसी खाली बसली. एक कपचा उचलून तिनं उन्हात धरला. तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला.

"शिंपला आहे, देवरे सर. समुद्रातला. पातळ घासून, चौकोनी कापून चौकटीत बसवलेला. तेव्हा इथे काच मिळत नव्हती, म्हणून काचेऐवजी हे. या भागात अशा खिडक्या शाबूत असलेली ही शेवटची इमारत होती."

मग मोठे साहेब, मघा ज्यांना सगळं नवं कोरं वाटत होतं तेच, चष्मा काढून म्हणाले, "काय हो देवरे, फिरंग्यांच्या काळात प्लास्टिक होतं का?"

खात्याच्या अधिकाऱ्यांना हसू आलं. हसमुखभाईही हसले, अर्थ पुरता कळला नसताना. शेवटी विशालसुद्धा तोंड फिरवून हसला, आणि ते देवरेंनी पाहिलं. वीस वर्षं ज्या गावाला ते नाक मुरडत आले, ते गाव आज फुकटात त्यांच्यावर हसून घेत होतं. देवरेंच्या हातात जुडगं होतं. त्यांनी ते खिशात टाकलं.

पुढचं सगळं भराभर झालं. अधिकाऱ्यांनी कायदा ऐकवला. मोठ्या साहेबांनी कंपनीतर्फे हात जोडले आणि सगळं होतं तसं करून देण्याचं कबूल केलं. रंग ब्रशनं, हातानं खरवडायचा. चुना नव्यानं चढवायचा. कपाट, बेसिन, हुक, जे जे भंगारात गेलं ते शोधून आणायचं. शिंपले कुठल्या किनाऱ्यावर मिळतात ते शोधायचं आणि ते घासणारी, कापणारी माणसंही शोधायची.

"आणि हे सगळं देवरे बघतील," मोठे साहेब म्हणाले. "ज्यानं घाण केली त्यानंच निस्तरायची. मॅडम 'झालं' म्हणेपर्यंत दुसरं काही नाही."

साहेब गाडीत बसले तशी देवरेंनी खिडकीत वाकून हळूच विचारलं, "सर, पुण्याचं?"

"कसलं पुणं?" साहेब म्हणाले आणि काच वर गेली.

देवरे मागे वळले. मानसी अजून तिथेच, जमिनीवरचे कपचे रुमालात गोळा करत होती. "मॅडम, साधारण किती दिवस धरायचे?" त्यांनी विचारलं. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांना तिचं उत्तर खरोखर हवं होतं.

"सांगता येत नाही," मानसी म्हणाली. तिला त्यांची कीव आली नाही, आणि का यावी? "असं काम मी दुसरीकडे एका ठिकाणी बघितलंय. ते करायला ठेवलेले साहेब मधेच रिटायर झाले. काम चालू आहे."

देवरेंच्या रिटायरमेंटला फार वर्षं उरलेली नव्हती.

घरी आले ते बूट न काढताच दिवाणावर बसले. नीलिमानं पाणी दिलं. त्यांनी सगळं सांगितलं, अर्थात आपल्या सोयीनं: मानसीनं आधी नीट सांगितलं नाही, विशालनं अडवलं नाही, हसमुखभाई नको तेव्हा आले, या गावात कोणालाच काही कळत नाही. नीलिमा ऐकत होती. शेवटी तिनं एवढंच विचारलं, "म्हणजे पुणं नाही?"

"सध्या नाही," देवरे म्हणाले.

ती उठली आणि शेजारच्या उषाताईंकडे गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात हातोडी होती आणि मुठीत एक लांब खिळा. ती वाकली, देवरेंच्या पायांमागून दिवाणाखालचं खोकं ओढलं, उघडलं. घड्याळ जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेलं होतं आणि आतलं पितळ अजून पिवळंधमक होतं.

"अगं, भिंत खराब होईल," देवरे सवयीनं म्हणाले.

"होऊ दे," स्टुलावर चढत नीलिमा म्हणाली. "दुरुस्त करायला तुम्ही आहात की आता इथेच."

तिनं खिळा ठोकला. वीस वर्षं वाट बघितलेल्या हातानं, सगळा जोर लावून. थोडं प्लास्टर ढासळून देवरेंच्या बुटांवर पडलं. तिनं घड्याळ टांगलं, खाली उतरली आणि दोन पावलं मागे जाऊन बघितलं.

देवरेंच्या नजरेला राहवलं नाही. "तिरकं लागलंय," ते म्हणाले.

"असू दे," ती म्हणाली. "सवय होईल. रोज बघायचंच आहे."